कॅनव्हासवरील डाग, वहीतील नोंद

रात्रीचे नऊ वाजलेले आहेत. सोलापुरात कॅनव्हासवर चित्रे छापून देणारे एखादे दुकान डोळ्यांपुढे आणावे. दुसऱ्या दिवशी सकाळी एका घरी आजोबांचे प्रथम पुण्यस्मरण आहे. त्यासाठी त्यांचे ३० बाय २० इंचांचे चित्र छापून, वॉर्निशचा हात देऊन, लाकडी चौकटीवर ताणून तयार ठेवले आहे. शटर ओढण्यापूर्वी मुलगा ते दिव्याखाली एकदा पाहतो आणि थबकतो. आजोबांच्या उजव्या गालावर तिळाएवढा पांढरा ठिपका आहे.

वडील चष्मा लावून जवळ येतात. दिवसभराच्या कामाने थकलेले असतात. म्हणतात, "राहू दे. भिंतीवर लावल्यावर कोणाच्या लक्षात येणार आहे?"

मुलगा म्हणतो, "पप्पा, बाहेरच्यांच्या नाही येणार. घरच्यांच्या येईल. आणि एकदा आला की रोज येईल."

प्रसंग लहान आहे. पण त्या ठिपक्यात या व्यवसायाचे सारे प्रश्न सामावलेले आहेत. ठिपका आला कोठून, तो आधी टाळता आला असता का, त्याची किंमत कोणी भरायची, आणि ग्राहकाला काय सांगायचे? आज अनेक व्यापारी कुटुंबांतील तरुण पिढी या छपाईकडे वळत आहे. घरोघरी कौटुंबिक छायाचित्रे, तीर्थक्षेत्रांची चित्रे, चित्रकारांच्या कृतींच्या प्रती कॅनव्हासवर मागितल्या जातात. व्यवसाय देखणा आहे, परंतु त्यातील नासाडी डोळ्यांआड राहते, आणि डोळ्यांआड राहिलेली नासाडी हळूहळू नफाही खाते व नीतीही.

प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. कॅनव्हास हा कागद नव्हे, ते कापड आहे. आणि कापड सोलापूरला कोणी शिकवावे लागत नाही. १८७७ मध्ये येथे सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग मिल उभी राहिली; पुढे ती 'जुनी गिरणी' म्हणूनच ओळखली गेली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी येथील मागांना कीर्ती मिळवून दिली. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोहोंना भौगोलिक निर्देशांक लाभला आहे. या शहरातील जुन्या कापड व्यापाऱ्याला ताका उलगडताच गाठ, तुटलेला धागा, आडवा पट्टा, तेलाचा डाग दिसतो. गिरणीत कापड तपासणीच्या टेबलावर दोष आढळला की काठाशी खूण केली जात असे. निर्दोष माल वेगळा, सेकंडचा वेगळा. फेंट वेगळे, चिंध्या वेगळ्या. प्रत्येकाला आपले नाव होते, आपला भाव होता आणि आपला ग्राहकही होता. दोष लपवावयाचा नसतो, त्याचे वर्गीकरण करावयाचे असते, हा कापड बाजाराचा जुना धडा आहे. यंत्र संगणकावर चालते म्हणून तो धडा कालबाह्य ठरत नाही.

कापडावर चित्र उतरविण्याची परंपरा तर आपल्या समाजाला अधिकच जवळची. कार्तिकी पौर्णिमेस पालिताण्यास जाऊ न शकणाऱ्या भाविकांसाठी शत्रुंजयाचा पट गावोगावी मांडला जातो. असे वस्त्रपट रंगविण्यापूर्वी कापडाला खळ देऊन, ते घोटून गुळगुळीत करीत; कारण पृष्ठभाग नीट नसेल तर रेघ नीट उतरत नाही, हे त्या कारागिरांना ठाऊक होते. पुढे १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला, तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, आणि देवदेवतांची रंगीत चित्रे सामान्यांच्या घरात पोहोचली. शिळाछापात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. एक रंग केसभर सरकला तरी डोळे आणि ओठ दुहेरी दिसू लागत. दगड घासून पुन्हा वापरता येई. बिघडलेला कागद मात्र परत कोरा होत नसे. अमेरिकेत जॅक डुगॅन यांनी १९९१ मध्ये संगणकीय शाईफवाऱ्याच्या कलाछपाईला 'झिक्ले' हे नाव दिले. दगडाच्या जागी नोझल आले. पण बिघडलेले परत कोरे होत नाही, हा नियम तोच राहिला.

आता त्या ठिपक्याकडे वळू. कॅनव्हासच्या पृष्ठभागावर शाई धरून ठेवणारा पांढरा लेप असतो. सुती कॅनव्हासवर कधी सुटा तंतू, कधी सरकीचे बारीक कस्पट चिकटून राहते. छपाईच्या वेळी शाईचा थेंब त्या तंतूवर पडतो, खालच्या लेपावर नाही. पुढे हात फिरताना किंवा वॉर्निश लावताना तंतू गळतो आणि त्याखालचा कोरा लेप उघडा पडतो. म्हणजे डाग छपाईनंतर दिसला, तरी दोष छपाईपूर्वीचा आहे. मऊ, रुंद ब्रशने कॅनव्हास एकदा झटकला असता, तर अशा ठिपक्यांपैकी बहुतेक टळले असते. या कामाला एक मिनिटही लागत नाही. नासाडीचे बहुतेक प्रकार असेच असतात: कारण मिनिटाचे, परिणाम दिवसाचा.

दोष मुख्यतः चार टप्प्यांवर जन्म घेतात. पहिला टप्पा मालाचा. रोल आल्याबरोबर दोन-तीन फूट उलगडून तिरप्या प्रकाशात पाहावा. लेपातील सूक्ष्म छिद्रे, विणीतील गाठी, घड्या समोरून दिसत नाहीत, तिरप्या उजेडात दिसतात. दोष आढळला तर छायाचित्र काढून, रोलवरील लॉट क्रमांकासह पुरवठादारास त्याच दिवशी कळवावे. अर्धा रोल वापरून झाल्यावर केलेली तक्रार कोणी मानत नाही, आणि न मानणाऱ्याला दोषही देता येत नाही.

दुसरा टप्पा यंत्राचा. नोझल बंद पडले की चित्रात आडव्या रेषा येतात. दिवसाच्या पहिल्या कामापूर्वी नोझल तपासणीची लहान पट्टी कागदावर छापून पाहिली तर मोठे चित्र वाचते. कॅनव्हासची कड वर उचलली गेली असेल तर प्रिंट हेड तिला घासते, शाईचा फराटा उमटतो आणि प्रसंगी हेडचेही नुकसान होते. कॅनव्हास कागदाहून जाड असतो, म्हणून हेडची उंची त्या मानाने वाढवावी लागते. रोल संपत आला की नळकांड्याजवळच्या भागाला वळण बसलेले असते व शेवटी चिकटपट्टीही असते. तेथे मोठे काम घेऊ नये. प्रत्येक कामानंतर शिल्लक लांबी नळकांड्यावर पेन्सिलीने लिहून ठेवण्याची सवय असेल, तर 'चित्र अर्धे आणि रोल संपला' अशी वेळ येत नाही.

तिसरा टप्पा रंगाचा. संगणकाचा पडदा स्वतः प्रकाशतो, कॅनव्हास प्रकाशत नाही. त्यामुळे पडद्यावर खुललेला गडद भाग कापडावर काळपट होतो. पडदा मोजून जुळविलेला असावा, त्या कॅनव्हासची आणि त्या शाईची योग्य प्रोफाइल वापरावी, आणि मोठ्या चित्रापूर्वी चार इंचांची चाचणीपट्टी छापून ग्राहकाला दाखवावी. चाचणीपट्टी म्हणजे वाया गेलेले कापड नव्हे. तो मोठ्या नुकसानीवरचा छोटा विमा आहे.

चौथा टप्पा सुकण्याचा आणि ताणण्याचा. पाण्यावर आधारित शाई हाताला कोरडी लागली, तरी आतून सुकावयास वेळ घेते. वॉर्निशपूर्वी साधारण एक दिवस थांबणे हिताचे. वॉर्निशचा एकच जाड थर देण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे. वॉर्निशविना कॅनव्हास चौकटीवर ताणला तर कोपऱ्यांवरील घडीत लेप तडकतो आणि पांढऱ्या रेषा दिसू लागतात. येथे सोलापूरच्या हवेचाही विचार हवा. चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. तेव्हा नोझल लवकर सुकतात, स्थिर विजेमुळे धूळ व तंतू कॅनव्हासला चिकटतात. पावसाळ्यात उलट ताण सैल पडतो, लाकडी पट्ट्या वाकतात. छपाईच्या खोलीत आर्द्रता साधारण ४० ते ६० टक्के राखावी. भिंतीवर लहानसा आर्द्रतामापक असणे ही चैन नव्हे, गरज आहे.

दोषांमुळे होणारी नासाडी निदान डोळ्यांना बोचते. दुसरी नासाडी शांतपणे होते, ती म्हणजे बेतण्याची. शिंपी कापड हाती घेण्यापूर्वी बेततो. छपाईतही तेच आहे. समजा ४४ इंच रुंदीच्या रोलवर १६ बाय ३० इंचांची दोन चित्रे छापावयाची आहेत. चौकटीवर दुमडण्यासाठी चारही बाजूंनी दोन-दोन इंच धरले तर प्रत्येक चित्राला २० बाय ३४ इंच कापड लागते. आलेले काम आले तसे, एकेक करून उभे छापले, तर रोलची ६८ इंच लांबी खर्च होते. तीच चित्रे आडवी करून एकापुढे एक छापली तर ४० इंच. दोन्ही उभी शेजारी-शेजारी मांडली तर केवळ ३४ इंच. चित्रे तीच, ग्राहक तेच, पैसेही तेच. कापड मात्र निम्मे. म्हणून तातडीची कामे सोडून इतर कामे दिवसाकाठी एकत्र करावीत आणि मग एकाच बैठकीत बेतावीत. सकाळचे काम सकाळीच छापण्याच्या उत्साहात वर्षभरात किती रोल कचऱ्यात जातात, याचा हिशेब फार थोडे ठेवतात.

आणि हिशेब हाच तर व्यापारी कुटुंबाचा खरा वारसा आहे. रोजकीर्द आणि खतावणी ज्यांच्या रक्तात आहे, त्यांच्या घरी नासाडीचे खाते मात्र क्वचितच आढळते. एक साधे उदाहरण पाहू. समजा एका चित्रामागे साहित्य, शाई, चौकट व मजुरी धरून १,००० रुपये खर्च येतो, आणि सर्व खर्च वजा जाता २०० रुपये सुटतात. एक चित्र बिघडून पुन्हा छापावे लागले तर आणखी १,००० रुपये गेले, म्हणजे पाच चांगल्या चित्रांचा नफा गेला. वीस चित्रांत एक बिघडत असेल तर वीस चित्रांचा २०,००० रुपयांचा खर्च एकोणीस चित्रांवर बसतो. तेव्हा एका चित्राचा खरा खर्च १,००० नव्हे, जवळपास १,०५३ रुपये होतो. हे त्रेपन्न रुपये ज्याला ठाऊक नाहीत, तो शेजाऱ्याशी भावाची स्पर्धा करताना स्वतःलाच फसवीत असतो.

म्हणून यंत्राजवळ एक वही असावी. तिच्यात पाच रकाने पुरेत: तारीख, रोलचा लॉट क्रमांक, वाया गेलेली लांबी, दोषाचे कारण, आणि उपाय. काम करणाऱ्या मुलाचे नाव त्यात घालू नये. नाव घातले की वही शिक्षेची होते, आणि शिक्षेच्या वहीत कोणी खरे लिहीत नाही. दोन महिन्यांनी पाने चाळली की कोणता दोष पुनःपुन्हा येतो, तो माणसाचा, मालाचा की ऋतूचा, हे आपोआप उलगडते. या वहीचा आणखी एक उपयोग आहे. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे नष्ट झालेल्या, निर्लेखित केलेल्या अथवा भेट म्हणून दिलेल्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. निर्मितीत स्वाभाविकपणे होणारी घट आणि टाकून दिलेला माल यांतील भेद दाखवावयाचा तर लेखी नोंदच कामी येते. तपशील आपल्या कर सल्लागाराकडून समजून घ्यावा.

आता सर्वांत नाजूक प्रश्न. बिघडलेले चित्र तयार आहे, दोष बारीक आहे, ग्राहकाचे डोळे अनुभवी नाहीत. तेव्हा काय करावे? अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'प्रतिरूपक व्यवहार' सांगितला आहे. चांगल्याच्या नावाखाली हलके देणे, अस्सल म्हणून नक्कल देणे, हा त्याचा अर्थ. 'हीनाधिक मानोन्मान', म्हणजे मापात कमी-जास्त करणे, हाही त्याच यादीतला. धान्य, तूप, सोने यांच्या व्यापारात हे अतिचार आपल्याला सहज ओळखता येतात. पण ३८० ग्रॅमच्या सुती कॅनव्हासचे पैसे घेऊन हलका पॉलिस्टर देणे, रंगाने झाकलेला डाग न सांगणे, छापील प्रतीवर वॉर्निशचे फराटे ओढून ती हाताने रंगविल्याचा भास निर्माण करणे, हे सारे त्याच कुळातील व्यवहार आहेत. यंत्र नवे आहे, अतिचार जुना आहे.

डाग दुरुस्त करणे हा अपराध नव्हे. बारीक कुंचल्याने त्याच जातीच्या रंगाने ठिपका भरणे ही या व्यवसायातील मान्य रीत आहे. अपराध आहे तो न सांगण्यात. जुन्या ग्रंथांच्या शेवटी शुद्धिपत्र असते. जीवराज जैन ग्रंथमालेने सोलापूरचे नाव विद्वानांच्या जगात नेले. अशा ग्रंथप्रकाशनाशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना शुद्धिपत्राचे मोल ठाऊक आहे. छापताना राहिलेली चूक संपादक स्वतःच पान व ओळ देऊन सांगतो. त्याने ग्रंथाची प्रतिष्ठा घटत नाही, उलट वाढते. व्यापारालाही असे शुद्धिपत्र हवे. दुकानात एक कोपरा 'किरकोळ दोष असलेली चित्रे' म्हणून ठेवावा, प्रत्येकावर दोष कोठे आहे ते चिठ्ठीवर लिहावे आणि भाव त्या प्रमाणात उतरवावा. घेणारा डोळे उघडे ठेवून घेतो. विकणाऱ्यालाही झोप लागते.

तीर्थंकरांच्या प्रतिमा किंवा तीर्थक्षेत्रांची चित्रे छापणाऱ्यांपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. बिघडलेली प्रत कचऱ्यात टाकवत नाही, तिने यंत्र पुसणे तर कल्पनेतही येत नाही. अशा वेळी अविनय टाळण्याचा सर्वोत्तम मार्ग म्हणजे अशी प्रत जन्मालाच येऊ न देणे. चाचणीपट्टीसाठी प्रतिमेचा मुखभाग न घेता आकाश, वृक्ष, महिरप यांचा तुकडा घ्यावा. सर्व तपासण्या झाल्यावरच पूर्ण चित्र छापावे. एवढे करूनही प्रत बिघडली तर तिच्यावर चित्रकार वापरतात तो पांढऱ्या गेसोचा लेप एक-दोन हात देता येतो. प्रतिमा झाकली जाते आणि कापड पुन्हा कोरे होते. मात्र हा निर्णय कामगारावर न सोडता घरातील ज्येष्ठांच्या विचाराने ठरवावा.

गेसोचा हा उपाय इतर बिघडलेल्या चित्रांनाही लागू पडतो. लेप दिलेला कॅनव्हास चित्रकलेच्या विद्यार्थ्याला सरावासाठी उत्तम होतो, आणि नवा कॅनव्हास अनेक विद्यार्थ्यांना परवडत नाही. काठाच्या अरुंद पट्ट्यांपासून पुस्तकखुणा, नमुना-पुस्तिका, चौकटींच्या कोपऱ्यांना लावण्याची गादी करता येते. लेप दिलेला, कृत्रिम धाग्याचा कॅनव्हास जाळू मात्र नये. त्याचा धूर घातक असतो. तरीही लक्षात ठेवावे, पुनर्वापर हा दुसरा पर्याय आहे. कापड न बिघडविणे हा पहिला.

आता पुन्हा त्या रात्रीच्या दुकानात येऊ. वडील थोडा वेळ गप्प राहतात. मग फोन उचलून ग्राहकाला गालावरील ठिपका सांगतात, उद्या सकाळपर्यंत नवे चित्र छापून, सुकून, ताणून होणार नाही हेही सांगतात. ठिपका रंगाने भरून चित्र कार्यक्रमापुरते द्यावे आणि चार दिवसांनी नवे चित्र आणून लावावे, जादा पैसे न घेता, असे ठरते. पलीकडून क्षणभर शांतता असते. मग उत्तर येते की, सांगितले हे बरे केले. नाहीतर उद्या आत्याच्या नजरेला तो ठिपका पहिल्यांदा पडला असता.

त्या चित्रात नफा उरलेला नसतो, उलट खिशातून जातात. मुलगा कपाटातून एक कोरी वही काढतो आणि पहिल्या पानावर तारीख घालून लिहितो: लांबी ३४ इंच, कारण, छपाईपूर्वी कॅनव्हास झटकला नाही, उपाय, ब्रश यंत्राला बांधून ठेवणे. वडील ते वाचतात, सुतळीचा तुकडा शोधतात आणि ब्रश यंत्राच्या दांडीला स्वतःच्या हाताने बांधतात. मग शटर खाली येते.